परिचारिकेच्या पगाराचे उभयम

सोमवार, १३ जुलै १९८७, सकाळचे साडेनऊ. श्रीपेरुंबुदूरपलीकडच्या एका खेड्यातील धर्मादाय आरोग्य केंद्राच्या ओसरीवर एकेचाळीस रुग्ण बसले होते आणि दाराला कुलूप होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येत; एरवी केंद्र चालवणारी एकुलती एक परिचारिका कनका मागच्या खोलीत तापाने फणफणत पडली होती.

मैलापूरहून पहिल्या बसने आलेले विश्वस्त दत्ताजी तिच्या दाराशी थांबले. तंत्रनिकेतनात शिकून त्यांनी अंबत्तूरच्या कारखान्यात तीस वर्षे यंत्रे सांभाळली होती. बंद पडलेल्या वस्तूचे कारण सापडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"पगार वाढवू का, कनका?"

"पगार नको, सार. जोडीला माणूस द्या. मी आजारी पडले की तुमचं केंद्रही आजारी. आईला बघून किती महिने झाले! महिनाअखेर दुसरी नर्स आली नाही, तर मी चालले."

तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. एकाच पंपावर अख्खा कारखाना चालवणाऱ्याला दत्ताजींनी स्वतःच मूर्खात काढले असते. परंतु ट्रस्टच्या ठेवीचे व्याज एका पगारालाच जेमतेम पुरत होते.

संध्याकाळी ते चुलतबहीण अन्नपूर्णाबाईंकडे गेले. दिवंगत यजमानांच्या नावे केंद्राला नवी खोली बांधून देण्याचे त्यांनी कबूल केले होते.

"अक्का, खोली राहू दे. नर्सचा पगार दे."

"वा रे शहाण्या! खोलीवर यांचं नाव संगमरवरात येईल. पगार दिला तर नाव कुठं कोरू, नर्सच्या कपाळावर?"

दत्ताजींनी कॉफीचा पेला उचलला. समोरच्या भिंतीवर देवळाच्या उत्सवाची पत्रिका होती. उत्सवाचा एकेक दिवस एकेका घराण्याच्या खर्चाने होई. त्याला उभयम म्हणत. अन्नपूर्णाबाईंच्या सासरकडे पाचवा दिवस तीन पिढ्या चालत आला होता.

"तुमच्या उभयमचं नाव कुठल्या दगडावर आहे, अक्का? प्रसाद वाटला की संपलं. तरी दिवस सोडता का?"

"सोडतेय कसली! त्या चौथ्या दिवसवाल्या मानाजीचा डोळाच आहे त्यावर."

"मग पगाराचंही उभयम करू. दिवसाला पंचवीस रुपये. त्या दिवशी केंद्राच्या फळ्यावर त्या घरचं नाव, आणि तो दिवस पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच."

अन्नपूर्णाबाईंनी पदर सावरला. "यांची तिथी मला. आणि महाळपक्षाचा पंधरवडाही. मानाजीला आधी विचारलंस तर बघ!"

मानाजींना दुसऱ्या दिवशी विचारले. पंधरवडा गेल्याचे कळताच त्यांनी अख्खे नवरात्र मागून घेतले. दिवाळीवरून दोन घरांचे बोलणे बंद पडले. तो दिवस वर्षाआड वाटून द्यावा लागला. बाकीचे दिवसही भराभर गेले. आषाढाच्या सुमारास येणारा, शुभकार्याला वर्ज्य आडी महिना मात्र कोणालाच नको होता. खोलीचे पैसे ठेवीत टाकून त्या महिन्याची सोय करावी, हे अन्नपूर्णाबाईंच्या गळी उतरवायला आणखी चार खेपा पडल्या.

कनकाला हे कळले तेव्हा ती हसली. "उभयम म्हणालात ना, सार? मग भांडून भांडून देतील." नोकरी सोडण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही, चार दिवसांची रजा तेवढी मागितली.

१ ऑगस्टला चंद्रिका नावाची नर्स रुजू झाली. केंद्रातील परिचारिकांची संख्या: दोन.