उभं राहायचे बूट

वासुदेव दाराशी बसून उजव्या पायात गमबूट चढवत होता, तेवढ्यात सुजाताने आतून त्याचे चालायचे बूट आणून शेजारी ठेवले.

“हे घाला,” ती म्हणाली. “तिथे दगडांतून चालावं लागेल.”

“पाणी आहे तिकडे.”

“ओसरतंय म्हणाला ना कमरुद्दीन फोनवर?”

वासुदेवने त्या बुटांकडे पाहिलं. जाड तळाचे, घोट्यापर्यंत नाडी बांधायचे. गेल्या हिवाळ्यात दुबईत, देऱ्याच्या बाजारात घेतले तेव्हा सुजाताने दुकानातच मोठ्याने हिशेब केला होता, एकशेऐंशी दिऱ्हम म्हणजे सतराशे रुपये. तेव्हापासून ते फुजैऱ्याच्या समुद्राकाठी संध्याकाळी फिरण्यापुरते वापरले गेले होते. गमबूट टर्मिनलचे होते, गुडघ्याला टेकणारे, काळे. तेलाच्या टर्मिनलवर सुरक्षेचं काम त्याच्याकडे होतं, आणि दर डिसेंबरात नव्या माणसांना उभं करून तो स्वतःच सांगायचा, गमबूट पाण्यात उभं राहायला असतात, वाहत्या पाण्यात चालायला नाही. वरून पाणी शिरलं की पाय उचलत नाही.

त्याने दुसराही गमबूट चढवला.

शुभ्रा झोपेतून उठून पॅसेजमध्ये येऊन उभी होती. शाळेची बस चुकली की वासुदेवच्या हाताखालचा ड्रायव्हर यूनुसच तिला टर्मिनलच्या पिकअपमधून सोडायचा.

“बाबा, आर यू ब्रिंगिंग यूनुस अंकल होम?”

“हो.”

“प्रॉमिस?”

वासुदेवने किल्ल्या उचलल्या आणि तो जिना उतरला.

खाली मैमुनाबी थांबलेली होती. यूनुसची बायको. एका अरबी कुटुंबात ती स्वयंपाक करायची, म्हणून रत्नागिरीकडची ही नवराबायको इथे एकत्र राहू शकली होती. ती गाडीचं मागचं दार उघडून बसली आणि मांडीवर एक पिशवी घट्ट धरून ठेवली. पिशवीत यूनुसचे कोरडे कपडे होते.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत पावसाचा तो तिसरा दिवस होता. शहरात रस्त्यांवर नुसती तळी साचली होती, पण डोंगरात वाद्या, म्हणजे एरवी कोरडे पडलेले ओढे, दोन्ही काठ भरून धावत होत्या. आदल्या दिवशी यूनुस दुबईला गेला होता, पंपाचं एक सील आणायला. जहाज धक्क्याला लागून होतं, पंप बंद होता, मॅनेजर दर तासाला विचारत होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला यूनुसचा परतीच्या वाटेवरच्या मसाफी गावातल्या पेट्रोल पंपावरून फोन आला.

“साहेब, पोलिसांनी रस्ता अडवलाय. आज इथंच मशिदीत पडतो. सकाळी येतो.”

“वादीतून जुना कच्चा रस्ता आहे ना?”

“आहे. पण डोंगरावर लई काळं झालंय.”

“अरे, अर्ध्या तासाचा रस्ता. जहाज थांबलंय, यूनुस. यल्ला, निघ.”

यूनुस म्हणाला होता, “बरं साहेब. इन्शाल्ला.”

पहाटे एका मेंढपाळाला पिकअप वादीत उलटी पडलेली दिसली. आत कोणी नव्हतं.

ते पोचले तेव्हा काठावर पोलिसांची गाडी उभी होती. टर्मिनलचा मेकॅनिक कमरुद्दीन आधीच आला होता, आणि तो मेंढपाळही, पांढऱ्या दाढीचा, पायात चामडी चपला. ते दोघं आणि दोन शिपाई असे चार जण वादीतून खाली शोधत जाणार होते. वासुदेव त्यांच्यामागे निघाला.

शंभर पावलं तो ठीक चालला. मग एक प्रवाह ओलांडायचा आला, गढूळ, गुडघ्याच्या वर. मेंढपाळ चपला हातात घेऊन पलीकडे गेला. कमरुद्दीन साध्या कॅनव्हासच्या बुटांत गेला. वासुदेवने चौथं पाऊल टाकलं आणि बुटांत वरून पाणी घुसलं. थंड, एकदम, भरभरून. त्याने पाय ओढून पाहिला; कोणीतरी खालून धरल्यासारखा तो जागचा हलेना. तो आडवा व्हायच्या आत कमरुद्दीनने मागे येऊन त्याचा दंड पकडला.

मेंढपाळाने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

“खलास,” तो म्हणाला आणि हाताने काठ दाखवला.

“साहेब, तुम्ही गाडीपाशी थांबा,” कमरुद्दीन म्हणाला. “आम्ही बघतो.”

वासुदेव परत वळला. छातीवरचं ओझं उतरावं तसं त्याला हलकं वाटलं. यूनुस ज्या अवस्थेत सापडेल ती पहिल्यांदा बघणारा आता तो नसणार होता. ते हलकेपण लक्षात आलं तसा तो मधेच थबकला. दाराशी बसलेला असतानाच आपल्याला हे हवं होतं का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचं उत्तर त्याला आवडलं नाही.

गाडीजवळ त्याने गमबूट काढून उपडे केले. पाणी रेतीत जिरलं. मैमुनाबी एका दगडावर बसून ओठ हलवत काहीतरी म्हणत होती. तो मोज्यांनिशी तिच्यापासून थोडा दूर बसला. पोलीस अधिकारी गाडीत वायरलेसवर बोलत होता.

बऱ्याच वेळाने तिने पुटपुटणं थांबवलं.

“साहेब, एक विचारू?”

“विचारा, भाभी.”

“काल साडेचारला त्यांनी मला मॅडमच्या घरी फोन केला होता. म्हणाले, मशिदीत झोपतो, काळजी करू नको. मी निर्धास्त होते. मग ते निघाले का?”

वासुदेवने मोज्याला चिकटलेली रेती झाडली. परत झाडली. आज सकाळी मॅनेजरने हेच विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता की चौकशी करतो.

“मी निघायला सांगितलं,” तो म्हणाला. “तुमच्याशी बोलल्यावर त्याचा मला फोन आला. तो नको म्हणत होता. मीच त्याला वादीतून यायला लावलं.”

मैमुनाबीने मान वळवली नाही. तिच्या मांडीवरच्या पिशवीला आधीपासूनच गाठ होती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

“कोणाकोणाला सांगितलंत हे?”

“फक्त तुम्हाला.”

ती उठली आणि काठाच्या आणखी पुढे जाऊन, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नवाच्या सुमाराला खालून हाक आली. आधी मेंढपाळ दिसला, मग कमरुद्दीन, वाकलेला, आणि त्याच्या पाठीवर यूनुस. यूनुसचा डावा हात नुसता लोंबत होता, ओठ निळे पडले होते, पण डोळे उघडे होते. रात्रभर तो कड्याच्या एका कपारीत बसून होता. मैमुनाबी धावली. तिने पिशवी उघडलीच नाही, आधी अंगावरची शाल काढून त्याला गुंडाळली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी असं धरलं की जणू तेही निसटून जाईल.

वासुदेव मोज्यांनिशीच पुढे गेला. यूनुसला तो दिसला.

“साहेब,” यूनुसचे दात वाजत होते. “सील गाडीतच राहिलं.”

वासुदेवने यूनुसच्या चांगल्या हाताला हात लावला. तो बर्फासारखा गार होता.

रुग्णवाहिका यायला दहा मिनिटं होती. पोलीस अधिकारी कागद घेऊन आला. तरुण होता, हिंदी चांगलं बोलत होता.

“रास्ता बंद था. सिपाही ने तुमको रोका था. फिर वादी में क्यों उतरा? किसने भेजा?”

यूनुसने डोळे मिटले.

“किसी ने नहीं. साहब ने तो रुकने को बोला था. मैं ही निकल आया.”

अधिकाऱ्याने मैमुनाबीकडे पाहिलं. तिचा हात यूनुसच्या केसांत होता.

“मुझे बुखार था,” ती म्हणाली. “मेरे लिए निकले थे.”

तिचा आवाज सरळ होता. वासुदेवकडे तिने एकदाही पाहिलं नाही. दर दोन वर्षांनी यूनुसच्या व्हिसाच्या कागदावर वासुदेवची सही लागायची. या मार्चमध्ये पुन्हा लागणार होती. या दोघांनी आपसात एक शब्दही न बोलता काय ठरवलं ते वासुदेवला कळलं. गुन्हा यूनुसच्या नावावर चढणार होता, आणि तो त्यांनी मुकाट्याने अंगावर घेतला होता.

अधिकारी उजवीकडून डावीकडे लिहू लागला. कमरुद्दीन दुसरीकडे बघत होता. खाली वादीत पाण्याचा आवाज आता बारीक झाला होता.

“थांबा,” वासुदेव म्हणाला. ते मराठीत निघालं. अधिकाऱ्याने वर पाहिलं.

“साहेब, नका,” मैमुनाबी हळूच म्हणाली. “राहू द्या ना.”

सतरा वर्षं इथे काढून त्याला अरबी फार आलं नव्हतं. हिंदी शब्द कुठे गेले होते कोण जाणे. त्याने छातीवर हात ठेवला.

“अना,” तो म्हणाला. मी.

अधिकाऱ्याने लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि त्याचं नाव विचारलं.