नाळ की खिंड

पेणकरपाड्यातले उदय जाधव टपाल खात्यातून निवृत्त झाले, पण गावांच्या नावांचं वेड काही सुटलं नाही. लेक संघप्रिया स्कॉटलंडमध्ये नर्स. तिच्या वॉर्डातले कॅलम नावाचे ऐंशीचे आजोबा तिला रोज त्यांच्या गेलिक भाषेतला एखादा शब्द शिकवायचे. ती तो फोनवर सांगायची आणि पप्पा स्पेलिंगसकट वहीत उतरवायचे. 'ब्यालख' म्हणजे खिंड, 'राअद' म्हणजे रस्ता.

"तिकडे पत्रं वाटायला जायचंय वाटतं!" मंदाताई नवऱ्याला चिडवायच्या.

एका रविवारी संध्याकाळी फोन आला. तिकडे दुपार होती. संघप्रिया मैत्रिणीबरोबर डोंगरावर गेली होती.

"पप्पा, धुकं उतरलंय. मोबाइलवर नकाशा उघडत नाहीये. कागदी नकाशावर खाली जायच्या दोन वाटा दिसतायत. एकीवर ब्यालख लिहिलंय, दुसरीवर सी-ए-डी-एच-ए. हा शब्द मी विसरलेय. ही दुसरी वाट जवळची आहे, जाऊ?"

उदयरावांनी भराभर वहीची पानं उलटली. 'काआ. डोंगरातली उभी, अरुंद वाट.'

महाडकडे त्यांच्या गावी अशा वाटेला नाळ म्हणत. लहानपणी नाळेने चढताना वरून सुटलेला धोंडा वडिलांच्या खांद्याला घासून गेला होता.

"प्रिया, ती नाळ आहे गं! धुक्यात पाय टाकू नकोस. लांब पडली तरी खिंडीनेच उतर. आणि आधी तिथल्या बचाव पथकाला कळव."

"बरं, पप्पा."

पुढचे दोन तास दोघं फोनसमोर बसून राहिली. कुकर लावायचंही मंदाताईंना सुचलं नाही.

"उतरलो!" अखेर लेकीचा आवाज आला. "पथकवाले खाली भेटले. म्हणाले, ती दुसरी वाट मधेच ढासळलीय."

मंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. उदयरावांनी वही मिटून ठेवली.

दोन दिवसांनी संघप्रियाने व्हिडिओ कॉल केला, तो कॅलम आजोबांच्या खाटेजवळून. उदयरावांनी लेकीकडून मुद्दाम पाठ करून घेतलेले आभाराचे शब्द हात जोडून म्हटले, "तापा लेव."

"ताप? कुणाला ताप आलाय?" मंदाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

संघप्रियाने आईचा हा घोटाळा इंग्रजीत सांगितला तेव्हा आजोबा खोकला येईस्तोवर हसले. मग म्हणाले, "आता तुमच्याकडच्या वाटांची नावं सांगा. मी लिहून घेतो."

उदयराव खुर्ची पुढे ओढून बसले आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगू लागले.