खुर्ची तयार होईपर्यंत

कंपनीच्या शेडमध्ये कधीही न उडणारं एक विमान होतं. म्हणजे विमानाचा एक तुकडा: प्लायवूडच्या भिंती, खिडक्यांच्या जागी दिवे, डोक्यावर सामानाचे कप्पे आणि खुर्च्यांच्या चार रांगा. लांब पल्ल्याचं नवं विमान यायचं होतं, आणि त्याच्या मागच्या, स्वस्त भागात खुर्च्या कशा असाव्यात हे ठरवणाऱ्यांत ती होती. माणसं दिवसदिवसभर त्या तुकड्यात येऊन बसत. कुणाचं वजन गादीवर कुठे पडतं, कोण किती वेळा चुळबुळ करतं, हे ती बाहेरच्या पडद्यावर पाहत असे. शेडमधले सगळे तिला मोजपट्टी म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला राग येत नसे. नाव अगदी चपखल होतं.

आई तिच्याकडेच राहायची. आईची एकुलती एक थोरली बहीण मात्र बारा तासांच्या विमानप्रवासाइतकी लांब, मुलाकडे. आई तिला ताई म्हणायची. मागे एकदा आई जुन्या विमानाने जाऊन आली होती, ती सुजलेल्या पायांचे खांब घेऊनच परतली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून बाहेर येताना खुर्ची ढकलणाऱ्या पोराकडे बोट दाखवून म्हणत होती, "मला काही झालेलं नाही गं, हाच उगाच ढकलतोय."

त्या खेपेला ताईचं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि सायकलीचं जुनं भांडण राहूनच गेलं. आई शिकायला परगावी गेली तेव्हा ताईने तिची सायकल परस्पर कुणाला तरी देऊन टाकली होती. कुणाला आणि का, ते उभ्या आयुष्यात सांगितलं नव्हतं. रविवारच्या फोनवर गाडी फिरून फिरून तिथेच यायची.

"आता तरी सांग, दिलीस कुणाला?"

"ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे? समोर ये. पोटभर भांडू."

"चोर तो चोर, वर शिरजोर."

"ये तर खरी. भांडायला दारातच उभी राहते."

फोन ठेवला की आईचा चेहरा तासभर तरी उजळलेला असायचा. "ताईशी एकदा नीट भांडायचं राहिलंय," ती म्हणायची. "फोनवर भांडणाला चव येत नाही."

मग एकदा मावसभावाने आईसाठी तिकीट पाठवलं. आईने बॅग काढून झटकायलाही घेतली. मोजपट्टीने तिकिटावर विमान कुठलं आहे ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, सहा महिने थांब. नवं विमान येतंय."

"तुझ्या खुर्चीचं मला कौतुक आहे. पण मी काय काचेची आहे का?"

"काचेची असतीस तर सोपं होतं. काच सुजत नाही."

आई हसली. तिकीट रद्द झालं. बॅग पुन्हा कपाटावर गेली.

बसून पाहायला वयस्क माणसं हवी होती, म्हणून त्याच सुमारास तिने आईला शेडमध्ये नेलं. आई तुकड्यात शिरली, आजूबाजूच्यांची चौकशी केली, जेवणाचा ट्रे उघडून मिटून पाहिला आणि खिडकीतल्या दिव्याकडे बघत म्हणाली, "बाहेर ऊन चांगलं पडलंय." सगळे हसले. दुपारनंतर कसं वाटतंय असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "छान आहे. घरी एक पाठवून द्या." पण मोजपट्टीला दिसलं, की आई मधूनमधून मांडीखाली हात सरकवत होती. गादीची पुढची कड तिथे दाबत होती. उंच माणसाला ते जाणवलं नसतं. आईचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. पुढची कड उतरती आणि मऊ करायला हवी, तिने सांगितलं.

"गादी बदलली की आगीची चाचणी पुन्हा, झटक्याची चाचणी पुन्हा," ते म्हणाले. "वेळ किती जाईल याचा हिशेब आहे का? मोजपट्टी, हे सगळं एका आईसाठी?"

"मागच्या रांगांत कुणाची ना कुणाची आईच बसलेली असते, सर."

"आया तू मोज. मला महिने मोजायचे आहेत."

पण तिचे आलेख चोख होते आणि शेवटी त्यांनी मान्य केलं. नवी गादी आगीच्या चाचणीत पहिल्यांदा नापास झाली. मग कापड बदललं, फोमचा वरचा थर बदलला. सहा महिन्यांचं वर्ष झालं आणि वर्षावरही दिवस चढू लागले. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. काम चांगलं होत होतं.

एका रविवारी ताईने फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली. पुढच्या एका रविवारी तिने आईला विचारलं, "तुझी परीक्षा कधी आहे गं?" आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "झाली की. पास झाले."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. "ताई आज मला कशीतरीच वाटली."

"झोप झाली नसेल," मोजपट्टी म्हणाली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की ही दोन निरीक्षणं आहेत हेही तिने मनातल्या मनात बाजूला सारलं. मावसभावाला विचारलं तर तो म्हणाला, "विसरते हल्ली. वय झालं."

"मी जाऊन येऊ का?" आईने विचारलं. "आहे त्या विमानाने. पायांचं बघू काय व्हायचं ते."

"आता इतकं थांबलीस, आई. थोडक्यासाठी कशाला हाल करून घेतेस?"

आईने तिच्याकडे पाहिलं. भांडायचं असतं तर तिला येत होतं. पण लेक याच विषयातली जाणकार, दिवसरात्र याच कामात, आणि तेही आपल्यासाठी. "बरं," आई म्हणाली. "तू म्हणतेस तसं."

विमान आलं तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले. कंपनीने पहिल्याच आठवड्यातली दोन तिकिटं तिला दिली. आत सगळं ठरवल्याप्रमाणे होतं. उजेड हळूहळू कमी होई, हवा पूर्वीसारखी कोरडी नव्हती, डोकं टेकायला दोन्ही बाजूंना वळणारे उशीचे कान होते, पोटऱ्यांना आधार होता. पाठ मागे नेली तरी मागच्याच्या गुडघ्यांवर आदळत नव्हती, कारण खुर्ची आपल्याच कवचात पुढे सरकत होती. आई जेवली आणि झोपली. तिचा हात एकदाही मांडीखाली गेला नाही. मोजपट्टी मात्र जागीच राहिली, आणि त्या बारा तासांत ती इतकी सुखात होती, की पुढे त्या सुखाचीच तिला लाज वाटली.

"पाय माझेच आहेत की," उतरल्यावर आई म्हणाली आणि सामानाची गाडी स्वतः ढकलत निघाली. "आता बघतेच तिच्याकडे."

दार मावसभावाने उघडलं. ताई आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेला, स्वच्छ स्वेटर. आई दारातूनच म्हणाली, "काय गं चोर, भांडायला दारात उभी राहणार होतीस ना?"

ताई उठून उभी राहिली. तिने हात जोडले. "या ना. बसा. तुम्ही लांबून आलात का?"

आई हसत होती, ते हसू तोंडावर तसंच राहिलं. ताई थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. ताईला थट्टेची सवयच होती. "हो," ती म्हणाली. "बरंच लांबून."

"बसायला ती खुर्ची घ्या. ही टोचते." आणि मग मुलाकडे वळून ताई हळूच म्हणाली, "पाहुण्यांना पाणी दे रे."

आईने सायकलीचं विचारलं. जेवताना विचारलं आणि नंतर पुन्हा एकदा. ताईने सगळं लक्ष देऊन ऐकलं. "असं कुणी देऊन टाकतं का?" ती म्हणाली. "वाईटच केलं हो तिने. तुम्हाला किती वाईट वाटलं असेल."

भांडण उरलंच नाही. ज्याने गुन्हा केला तोच फिर्यादीची बाजू घेऊन बसला होता.

"मागच्या वर्षापर्यंत ओळखायची माणसं," मावसभाऊ स्वयंपाकघरात म्हणाला. "तुमचे फोटो दाखवले की नावं सांगायची. हिवाळ्यानंतर गेलंच." तो दोष देत नव्हता. कप विसळता विसळता सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घराबाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती. मोजपट्टी शेजारी जाऊन बसली. रस्त्यावरून शाळेची गाडी गेली. आई बराच वेळ पायांकडे बघत होती.

"एक विचारू? खरं सांग. तुझ्या कामातलंच आहे."

"विचार ना."

"तेव्हा जुन्या विमानाने आले असते, त्या तिकिटावर, तर पाय किती दिवस दुखले असते?"

तिला उत्तर माहीत होतं. आईचं वय, वजन, गुडघे, तो प्रवास, सगळं तिने कधीच मांडून पाहिलं होतं. खोटं बोलायची इतकी इच्छा तिला याआधी कधी झाली नव्हती. आठवडा म्हटलं असतं तरी चाललं असतं. महिना म्हटलं असतं तर आईला बरंही वाटलं असतं.

"दोन दिवस," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सूज उतरली असती."

"दोन दिवस," आई म्हणाली.

"आई, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला माहितेय." आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण तो हात उठताना आधार घेण्यासाठी होता. "खुर्ची तू चांगली केलीस. खरंच चांगली केलीस."

आई आत गेली. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून आतलं सगळं पायरीवर ऐकू येत होतं. ताईच्या पलंगाची कुरकुर झाली, कुठला तरी खण ओढला गेला. मग आईचा आवाज आला, तिने जन्मात ताईशी वापरला नव्हता असा, परक्या घरी आल्यासारखा, जपून.

"मी तुमचे केस विंचरून देऊ का?"

"कशाला तुम्हाला त्रास," ताई म्हणाली. "बसा तुम्ही आरामात."