रक्षाचा 'स'

सिंदीच्या स्टेशनसमोर धर्मेंद्रचं कॅसेटचं दुकान होतं, 'स्वरसंगम'. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या भोंग्यातून त्याच्या लेकीचा आवाज निघायचा, "स्वरसंगम, सिंदी स्टेशनसमोर! सगळ्या सुंदर कॅसेटा स्वस्तात!" रक्षा तेव्हा सहा वर्षांची होती. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे तिच्या प्रत्येक 'स'मागे बारीक शीळ वाजायची. कापसाच्या बैलबंड्या घेऊन आलेले लोक थांबून हसत. रेकॉर्डिंगच्या शेवटी तिलाही हसू फुटलं होतं, आणि धर्मेंद्रने ते टेपवर तसंच राहू दिलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात मेंदूज्वराने रक्षा गेली. भोंगा उतरला. "तो आवाज माह्या कानावर पडू देऊ नका," एवढंच त्याची बायको सुलोचना म्हणाली. त्याने कॅसेट फडक्यात गुंडाळून गल्ल्यामागे ठेवली, आणि आठ वर्षं तिचा शब्द पाळला.

मग कॅसेटांचे दिवस सरले. लोक एका सीडीत शंभर गाणी मागू लागले. धर्मेंद्रने जुना कॉम्प्युटर घेतला. सुलोचनाचा धाकटा भाऊ निकेश वर्ध्याला कॉलेजात होता, त्याने एमपीथ्री करायला शिकवलं. पहिल्या प्रयोगाला धर्मेंद्रने गल्ल्यामागची ती कॅसेटच पुढे केली. निकेशने आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवला, त्याची छोटी फाइल केली आणि आपल्या मोबाइलमध्ये टाकली.

"ऐका भाऊजी. वीस पट लहान झाली."

हेडफोन लावल्यावर धर्मेंद्रचा चेहरा उतरला. "हे तिचं नाई. 'स' कुठी गेला?"

शीळ नव्हतीच. तिच्या जागी पोर पाण्यात तोंड बुडवून बोलत असल्यासारखं काहीतरी होतं.

"जे कानाले ऐकू येत नाई, ते सॉफ्टवेअर काढून टाकते," निकेश म्हणाला.

"मले येते ना ऐकू!"

तिथून त्याला नादच लागला. निकेशने नेटवरून फाइल लहान करणारे वेगवेगळे एन्कोडर आणून दिले. एकात शीळ टिकायची, पण हसू बोथट व्हायचं. दुसऱ्यात शब्द उमटायच्या आधीच त्याची खरखर ऐकू यायची. कोणती फाइल कशाची, हे न सांगता निकेश वाजवायचा आणि धर्मेंद्र डोळे मिटून अचूक ओळखायचा.

"मूळ फाइलच ठेवा ना, भाऊजी. लहान काऊन करता?"

"खिशात पाहिजे मले. कुठीबी गेलो तं सोबत."

ऐकता ऐकता त्याला मूळ फाइलीतही विजेची गुणगुण ऐकू येऊ लागली. मुळातच खोट असेल तर पुढचं काय सुधारणार? नव्याने, स्वच्छ उतरवून घ्यावं असं त्याने ठरवलं. डिस्क भरली होती, म्हणून आधीची मूळ फाइल आणि सगळे नमुने पुसून टाकले. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं आणि कॅसेट लावली.

"स्वरसंगम, सिंदी..." इथवर आवाज आला, मग जाडसर झाला आणि थांबला. त्याने झडप घालून बटण दाबलं. पट्टी रोलरला गुंडाळून चुरगळली होती. त्याने ती हळूहळू सोडवली, तुटली तिथे जोडली, पेन्सिलीने गुंडाळली. पुन्हा लावली तेव्हा आतून नुसतं कण्हणं आलं.

जेवायला का येत नाही म्हणून सुलोचना दुकानात आली. टेबलावरची पट्टी तिने पाहिली.

"तिचीच होती ना?"

त्याने मान हलवली. बायकोला सुटल्यासारखं वाटेल, असं त्याला वाटलं. पण ती स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. "मले वाटे, तुमच्यापाशी हाय. कधी मन झालं तं ऐकीन म्हणत होती मी."

आठ वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

रविवारी निकेश आला. त्याच्या मोबाइलमध्ये ती पहिली छोटी फाइल अजून होती. सुलोचनाने फोन दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. हसू आलं तिथे तिचे ओठ हलले. तिने पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. मग फोन नवऱ्यापुढे धरला.

"पाहा बरं. बराबर हाय ना? काही कमी तं नाई झालं?"

त्याने ऐकलं. सगळे 'स' पाण्यात बुडालेले.

"नाई," तो म्हणाला. "तिचाच आवाज हाय."

निकेशने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढे सुलोचनाने आपल्या मोबाइलवर ती फाइल घेतली. दुपारी भांडी आटोपली की ती ऐकत बसायची. धर्मेंद्र तेवढ्यात काहीतरी काम काढून स्टेशनकडे निघून जायचा. एकदा तिने त्याला अडवलं. "बसा ना जरा. एकटीनं किती ऐकू?"

तो बसला. खरी शीळ आपल्या कानात आहेच, ती आठवून घेऊ, असं त्याने मनाशी म्हटलं. फाइल संपली. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दर वेळी तो पाण्यातलाच 'स' उमटत होता.

"काय झालं जी?" सुलोचनाने विचारलं.

"काही नाई," तो म्हणाला. "आणखी एकदा लाव."