अंगठ्याजवळ पांढरा

मित्रांनो, मी एक जुनी रंगपाटी आहे. चित्रकार जिच्यावर रंग कालवतात आणि जिला एका बाजूला अंगठा घालायला भोक असतं, ती लाकडी पाटी. दुकानात मला पॅलेट म्हणतात, पण मी दुकानातली नाही. कपाटाचं दार करून उरलेल्या फळीतून एका सुताराने मला कापलं. "पातेल्याचं झाकण आहे का हो हे?" असं तो विचारत होता. जन्मतःच एवढा अपमान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

ज्यांनी मला करून घेतलं ते तेव्हा तरुण होते. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. त्यांनी मला जवसाचं तेल चोळलं, उन्हात वाळवलं, पुन्हा चोळलं. मग माझ्यावर रंगांच्या जागा ठरवल्या. अंगठ्याजवळ पांढरा, त्याच्या शेजारी पिवळा, मग तांबडा, मग तपकिरी, वरच्या कडेला हिरवा आणि निळा. काळा सगळ्यांत लांब, कारण तो शेजाऱ्यांना लगेच बिघडवतो. पेटीत रंगांच्या नळ्याही त्याच क्रमाने ठेवलेल्या असायच्या. चित्र काढताना मास्तर माझ्याकडे बघायचेही नाहीत. अंधारात तुमचा हात दिव्याच्या बटणावर जातो ना, तसा त्यांचा ब्रश बरोबर त्या त्या रंगावर जायचा.

मास्तरांनी लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक खिडकी आणि मी, असा आमचा संसार होता. सकाळचा चहा झाला की घडीची खुर्ची काखेत आणि पेटी हातात घेऊन ते खाली उतरायचे. दूर कुठे डोंगर किंवा समुद्र शोधायला गेल्याचं मला आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी टेलरचं दुकान होतं, त्याला लागून एक झाड, पलीकडे गंजलेली पाण्याची टाकी आणि गॅलऱ्यांमध्ये वाळणारे कपडे. एवढ्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं.

"मास्तर, रोज तेच तेच काढून कंटाळा कसा येत नाही?" टेलरने एकदा विचारलं.

"तेच कुठे? काल मशिनवर पांढरं कापड होतं, आज हिरवं आहे. त्याचा उजेड तुमच्या हनुवटीवर पडलाय."

"म्हणजे माझी दाढी हिरवी?"

"आजच्यापुरती."

टेलर दिवसभर गिऱ्हाइकांना आपली हनुवटी दाखवत होता. मास्तरांनी त्या दिवशी माझ्यावर पांढऱ्यात हिरव्याचा इतका लहानसा कण कालवला की मला गुदगुल्या झाल्या. माझ्या आयुष्यातले ते सोन्यासारखे दिवस.

वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शनही भरलं. लोकांनी चित्रांची तोंड भरून स्तुती केली. मी कोपऱ्यात टेबलावर होते. एक बाई मला न्याहाळून म्हणाल्या, "खरं सांगू? चित्रांपेक्षा हीच छान दिसते." मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र ते वाक्य अजून जपून ठेवलं आहे.

मग दिवस पालटले. मास्तर निवृत्त झाले, केस पिकले, आणि त्यांच्या डोळ्यांना काहीतरी झालं. ते मला नाकापर्यंत आणून रंग निरखू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मागच्या पडद्याचा आजार आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. वस्तूंचे आकार दिसत राहतील, रंग मात्र पुसट होत जातील. हे मला कसं कळलं? घरी आल्यावर ते माझ्याशीच बोलले. दुसरं होतंच कोण? "कुणाला सांगायचं नाही," ते म्हणाले. मी कुणाला सांगणार होते!

तरी काम चालू राहिलं. डोळ्यांना सगळं राखाडी दिसलं तरी तांबडा कुठे आणि हिरवा कुठे हे हाताला ठाऊक होतं. झाडाचं, टाकीचं रूप मनात पाठ होतं. मास्तर माझ्या जागांवर विसंबून चित्रं काढत राहिले आणि कुणाला शंकाही आली नाही. खरं सांगते, त्या काळात मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

त्याच सुमारास त्यांची धाकटी बहीण त्यांच्याकडे राहायला आली. आयुष्यभर ती इस्पितळात नर्स होती. साठी उलटली तरी मास्तर तिला चिमे म्हणायचे आणि ती त्यांना दादा. मोठी मायाळू बाई, पण डाग दिसला की तिचे हात शिवशिवायचे. एकदा मास्तर झोपलेले असताना तिने माझ्यावरचे जुने वाळलेले रंग खरवडून काढले, मला घासूनपुसून लख्ख केलं आणि पेटीतल्या नळ्या उंचीप्रमाणे लावल्या. मोठ्या आधी, लहान नंतर. भावाला आनंद होईल असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेलरच्या दुकानासमोर मास्तरांनी नेहमीच्या क्रमाने नळ्या पिळल्या. पांढऱ्याची नळी सगळ्यांत मोठी, ती पहिलीच राहिली होती. पण तांबड्याच्या जागी हिरवा आला आणि हिरव्याच्या जागी तांबडा. मला तोंड असतं तर मी गळा फाडून ओरडले असते. मास्तर शांतपणे रंगवत राहिले. टेलर सवयीने चित्र बघायला आला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "आज हिरवं कापड नाहीये हो माझ्याकडे."

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी मला टेलरपुढे धरलं आणि वरच्या कडेवर बोट ठेवलं. "हा कुठला रंग?"

"तांबडा."

चित्रात टेलरचं तोंड हिरवंगार होतं आणि झाड टोमॅटोसारखं लालभडक. मास्तर हसले, "गंमत केली हो," म्हणाले आणि पेटी आवरून घरी आले. त्यांनी मला दारामागच्या खिळ्याला टांगलं.

चिमी विचारायची, "दादा, आज जायचं नाही का?"

"कंटाळा आला."

"इतकी छान घासून दिली ती पाटी, आणि आताच बरा कंटाळा आला!"

तिला वाईट वाटू नये म्हणून मास्तरांनी खरं कारण मनातच ठेवलं. एकाच घरात दोन माणसं किती एकटी असू शकतात ते मी त्या खिळ्यावरून पाहिलं, मित्रांनो. माझ्यावर धूळ साचली. मास्तर खिडकीत बसायचे, खाली बघायचे आणि बोटांनी गुडघ्यावर काहीतरी कालवायचे.

अखेर नर्सबाईंनी चोर पकडलाच. मास्तरांना खोकला झाला होता. चिमीने दोन गोळ्या समोर ठेवल्या आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "तांबडी जेवणाआधी घे रे!" बराच वेळ गेला तरी दोन्ही गोळ्या तळहातावर तशाच होत्या. ती दारात उभी राहून बघत होती.

"दादा, कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मग चित्रं कशी काढायचास?"

तेव्हा त्यांनी तिला माझ्या जागांविषयी सांगितलं. तिने काय केलं होतं ते तिला समजलं आणि तिला रडू आवरेना. मास्तर म्हणाले, "चिमे, तू केलं नसतंस तरी हे आज ना उद्या व्हायचंच होतं." मग तिने डोळे पुसले, मला खिळ्यावरून काढलं आणि म्हणाली, "कुठला कुठे, ते सांग."

दुसऱ्या दिवसापासून खाली दोन खुर्च्या जाऊ लागल्या. नळ्या ती पिळायची आणि समोरचे रंग तीच सांगायची.

"आभाळ निळं आहे."

"कुठला निळा?"

"आता निळा म्हणजे निळा!"

"चिमे, नीट बघ."

ती डोळे बारीक करायची. "इस्पितळाच्या चादरीसारखा. खूप वेळा धुतलेल्या."

मास्तर पांढऱ्यात निळा घ्यायचे, जरा तपकिरी लावायचे आणि तो रंग अगदी तसा व्हायचा. "अगबाई!" ती दर वेळी म्हणायची. टाकी तिला चहाच्या गाळासारखी दिसायची, भिंत जुन्या बँडेजसारखी. भांडणंही पुष्कळ व्हायची आणि काही चित्रं साफ बिघडली. पण इतकी वर्षं गल्ली पाहूनही मास्तरांना ती अशी कुणी सांगितली नव्हती. ते पोट धरून हसायचे.

गेल्या थंडीत चिमी आजारी पडली आणि गेली. इस्पितळात शेवटी ती त्यांना खिडकीच्या पडद्याचा रंग सांगत होती, हेही ते घरी येऊन मलाच बोलले.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. रोज चहा झाला की मास्तर मला काढतात, पुसतात, भोकात अंगठा घालून खिडकीत बसतात. नळ्या पिळत नाहीत. थोड्या वेळाने मला परत टांगतात. टेलर येऊन गेला. "काही लागलं तर सांगा हं, मास्तर," म्हणाला. मास्तर म्हणाले, "काही नको." असं विचारलं की माणसं नकोच म्हणतात. टेलर मनाने चांगला आहे, पण तो गेला आणि खोली आणखीच मोठी वाटू लागली. मलाही इथे फार एकटं वाटतं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला तेल लावू नका, घासू नका, काचेच्या कपाटातही ठेवू नका. तुमच्याही जवळपास कुणीतरी असं खिडकीत बसलेलं असेल. त्यांच्याकडे जा. काही हवंय का, असं विचारू नका. शेजारी बसा, बाहेर बघा आणि आज आभाळ कुठला निळा आहे ते त्यांना सांगा. नीट बघून सांगा, कारण ते पुन्हा विचारतील.