छातीशी धरलेली उशी

मित्रांनो, मी जानेफळच्या भागवतदादांची जुनी उशी. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, शेतातला कापूस भरून मला शिवलं. वीस वर्षं मी डोक्याखाली होते. मग दादांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मी थेट छातीशी गेले! डॉक्टरांनी बजावलं होतं, "छातीचं हाड तारांनी बांधलंय. खोकताना उशी घट्ट धरा."

काय मिरवले मी! पण आठवड्यात लेक काजलनं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र आणलं. नळीतून श्वास ओढला की तीन रंगीत गोळ्या वर चढायच्या. गल्लीतली माणसं बघायला यायची. त्या डबड्याला रोज पुसत, माझी खोळ मात्र आठ दिवस धुतली नव्हती. नुसता जळफळाट व्हायचा माझा!

एकदा म्हशीनं दावं ओढलं आणि दादांनीही हिसका देऊन ओढलं. नंतर खोकले, तेव्हा त्यांच्या छातीत 'कट्ट' वाजलं. मला कळलं, दादांनाही कळलं. पण त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिसरी गोळी वर चढेना. मी मनातून खूश! बरी जिरली डबड्याची, म्हटलं. दादांचाच दम कमी पडतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी रुख्मिणीबाईंनी माझी खोळ धुवायला काढली आणि थबकल्या.

"हा डाग कायचा हाय वो?"

"दूध सांडलं असन."

"दुधाले असा वास येत नाही. खोका बरं." त्यांनी दादांच्या छातीवर तळहात ठेवला. कट्ट! "काऊन लपवून राह्यले तुम्ही?"

"म्हशीजवळ गेलो होतो. तू वरडशीन म्हणून..."

रुख्मिणीबाई रडल्या, पण तासाभरात दवाखान्याकडे गाडी निघाली. हाड सुटलं होतं, आत पू झाला होता. छाती पुन्हा उघडून, धुऊन, नव्या तारांनी बांधावी लागली. दादा वाचले.

घरी आले ते नवी उशी घेऊनच. गुळगुळीत, रेक्झिनची. पू लागलेली म्हणून मला उन्हात वाळवून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं. त्या सटवीचा हेवा वाटतो मला, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कुणाच्या छातीचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांच्या उशीची खोळ रोज धुवा आणि धुण्याआधी नीट बघा.

आता दादा खोकतात, तेव्हा मी माळ्यावरून कान देते. 'कट्ट' येत नाही. मग मी त्या नवीला म्हणते, धर बाई, घट्ट धर.