पहिला बुधवार

चूक देवाप्पाचीच होती. ती त्यानं अगदी चांगल्या मनानं केली होती, म्हणून तर ती जन्मभर त्याच्या उरावर बसली.

देवाप्पा उंबरगाळीच्या छोट्या लाइनीवर चावीवाला होता. रूळ स्लीपरांना घट्ट धरून राहावेत म्हणून लोखंडी पाचरी ठोकलेल्या असतात, त्यांना रेल्वेत चाव्या म्हणतात. गाडीच्या हादऱ्यानं त्या सैल होतात. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकायचा, एक रूळ बघत चार मैल जायचं, दुसरा बघत परत यायचं आणि सैल चावी दिसली की ठोकायची, एवढंच त्याचं काम. चोवीस वर्षं तो ते करत होता. दुसरा एखादा कंटाळून पळून गेला असता. देवाप्पाची गोष्ट वेगळी होती. त्याचा बाप सत्याप्पा याच लाइनीच्या मातीकामावर होता, आणि त्या काळी गावच्या मोठ्या गल्लीतून जाताना बापाला वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. रुळांवरून मात्र तो वहाणा घालून, मान वर करून चालायचा. वाट सोड म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. पुढं वस्ती बौद्ध झाली, गल्लीतल्या वहाणाही पायात आल्या, तरी पहिली मोकळी वाट आपल्याला रेल्वेनं दिली हे देवाप्पाच्या मनातून कधी गेलं नाही. गाडीत मोठ्या गल्लीतल्या मारुतीरावांची बायको अक्काताई आणि देवाप्पाची बायको सोनुबाई मांडीला मांडी लावून बसायच्या. मन मोठं झालं होतं असं नाही, बाकडीच तेवढी होती.

लाइन बेळगावाहून निघायची आणि उंबरगाळीत येऊन संपायची. खरं तर ती तंबाखूसाठी पार निपाणीपर्यंत जायची होती, पण इंग्रजाचा पैसा संपला की हौस फिटली कोण जाणे, उंबरगाळीच्या पुढं खडीचा एक ढीग तेवढा टाकून ते निघून गेले. मग रस्ते झाले. तंबाखू ट्रकात चढली, माणसं बसमध्ये चढली. दिवसाच्या चार गाड्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. स्टेशनातला हमाल गेला, पाण्याची टाकी गळून गळून कोरडी पडली. गाडी फक्त बुधवारी भरायची, उंबरगाळीच्या बाजाराला.

बाहत्तर सालच्या पावसाळ्यात वरून कागद आला. लाइन बंद करायचा विचार आहे, पण त्याआधी एक साहेब येऊन एक दिवस माणसं मोजेल. पुरेशी भरली तर लाइन राहील, एवढंच नाही, तर निपाणीपर्यंत न्यायची जुनी फाइलही पुन्हा उघडेल. सोयीचा दिवस कळवावा.

स्टेशनमास्तर परशराम बेळगावातल्या टिळकवाडीचे. पेन उघडून ते विचार करत बसले होते. देवाप्पा दारात उकिडवा बसला होता. त्याला राहवलं नाही.

“मास्तर, बुधवार लिवा. बाजाराचा दिस. पाय ठेवाया जागा नसती गाडीत.”

“कुठला बुधवार?”

“दिवाळीच्या तोंडावरचा. नोव्हेंबरातला पयला. सगळा मुलूख लोटतोय बगा बाजाराला.”

मास्तरांना ते एकदम पटलं. त्यांनी तसंच लिहून टाकलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण वरची पानं उलटून बघायला दोघांपैकी कुणीही उठलं नाही. देवाप्पा त्या दिवशी चाव्या ठोकताना गाणं म्हणत होता, असं रुळांच्या गँगमधले लोक सांगतात.

उत्तर ऑक्टोबरात आलं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, “एक नोव्हेंबर, बुधवार.” आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. 

एक नोव्हेंबर म्हणजे काळा दिवस. छप्पन्न साली राज्यांची वाटणी झाली आणि हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या दिवशी इकडच्या गावांत दुकान उघडत नाही, बाजार भरत नाही, कुणी गाव सोडत नाही. देवाप्पा स्वतः दरवर्षी दंडाला काळी फीत बांधूनच हातोडा उचलायचा. आणि त्याच शहाण्यानं नेमका हा दिवस सुचवला होता. मास्तरांनी तार केली. साहेबाचा दौरा ठरला आहे, बदल होणार नाही, असं दोन ओळींत उत्तर आलं.

देवाप्पा मारुतीरावांच्या घरी गेला. मारुतीराव गावचे पुढारी, सीमालढ्याच्या सत्याग्रहात दोनदा तुरुंगात जाऊन आलेले, सरळ आणि हट्टी गृहस्थ.

“अण्णा, एकच दिस. सकाळची गाडी तेवढी. फीत बांधून बसू द्या लोकास्नी, मग दिसभर हाईच की बंद.”

“देवाप्पा, सोळा वर्सं झाली रं. लाठ्या खाल्ल्या, पर या दिवशी कुणी गावाभाईर पाय टाकला न्हाय. आन् आता गाडीसाठी मोडायचं?”

“लाइन जाईल अण्णा.”

मारुतीरावांनाही लाइन हवी होती, खोटं कशाला बोला. त्यांचा गूळ एकेकाळी याच गाडीनं जायचा. मिशी ओढता ओढता त्यांचं तोंड उजळलं.

“असं करू. सगळं गाव स्टेशनावर आणतो. बाया, म्हातारी, पोरं, सगळी. साहेबाच्या डोळ्यांनीच त्येला दिसंल की किती माणसं हाईत हितं.”

“गाडीत बसाया पायजे अण्णा.”

“न्हाय बसलं म्हणून काय झालं? माणूस ते माणूसच असतंय की!”

 इतकं खरं बोलणं, आणि इतकं निरुपयोगी.

एक तारखेला उन्हं वर यायच्या आत स्टेशन भरून गेलं. चारशे माणूस तरी असेल. पुरुष धुतलेल्या टोप्या घालून, बाया ठेवणीतली लुगडी नेसून, सगळ्यांच्या दंडाला काळी फीत. कुणी साहेबासाठी हार आणला होता. गर्दीच्या एका कडेला वस्तीतली चाळीसएक माणसं होती, त्यांत सोनुबाई आणि पाच वर्षांची मनू. साहेब आदल्या दिवशी लोंढ्याला गाडी बदलून आला होता. तरुण होता, सभ्य होता. एवढी गर्दी बघून तो खूश झाला, हार घातल्यावर लाजला, आणि हातात कागद घेऊन डब्याच्या दाराशी उभा राहिला.

इंजिनानं शिटी दिली. कुणी हललं नाही.

साहेबानं मास्तरांना कन्नडमधून विचारलं, “हे लोक चढत का नाहीत?”

मास्तरांनी सगळं सांगितलं. छप्पन्न सालापासून सांगितलं. साहेबानं मन लावून ऐकलं, कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, “मला खरंच वाईट वाटतं. पण इथं फक्त चढलेल्यांचा रकाना आहे.”

दुसरी शिटी झाली. देवाप्पा हिरवी झेंडी घेऊन डब्याजवळ उभा होता. त्यानं वस्तीच्या माणसांकडे बघितलं. त्यानं नुसतं ‘चला’ म्हटलं असतं, तर ती चाळीस माणसं चढली असती. चाळीस म्हणजे काहीतरी. सोनुबाई त्याच्याकडेच बघत होती, मनूला तिनं कडेवर घेतलं होतं, एक पाऊल पुढं टाकलेलं होतं. आणि देवाप्पाला पुढचं सगळं दिसलं. गावानं दिवस पाळला आणि या लोकांनी मोडला, हे बोल वस्तीच्या कपाळी बसतील. नळावर ऐकावे लागतील, शाळेत मनूला ऐकावे लागतील, नातवंडांनाही ऐकावे लागतील. बापाच्या वहाणा पायात यायला दोन पिढ्या गेल्या होत्या. त्यानं मान खाली घातली.

गाडी रिकामी गेली. गाव समाधानानं घरी गेलं. दिवसही पाळला आणि साहेबालाही माणसं दाखवली, असं मारुतीराव सगळ्यांना सांगत होते.

संध्याकाळी भाकरी वाढताना सोनुबाई म्हणाली, “तुमी नुसती मान हलवली असती तरी मी चडले असते.”

“ठावं हाय मला.”

“मग का न्हाय हलवली?”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. आपण लाइनीचा जीव घेतला, एकदा तारीख सुचवून आणि एकदा मान खाली घालून, एवढंच त्याच्या मनात घुमत होतं. ते खरं होतं की नव्हतं, हा प्रश्न वेगळा. त्याला ते खरं वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर औषध नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात लाइन बंद झाली. रूळ लिलावात गेले आणि ते उखडायला चावीवाले लागतात, म्हणून गँगला तीन महिने ठेवून घेतलं. चावी ठोकताना हातोडा ज्या बाजूनं मारायचा, काढताना त्याच्या उलट बाजूनं मारायचा, फरक तेवढाच. पहिल्या दिवशी देवाप्पा बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी रडला नाही. त्याच्या हाताला काम पाठ होतं, आणि बसलेली चावी एका घावात कशी सुटते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या आधी त्याचे चार मैल मोकळे झाले. मुकादमानं पाठ थोपटली. मग त्याची लोंढ्याकडे बदली झाली आणि पेन्शन घेऊन तो परत आला, तेव्हा रुळांच्या जागी घाणेरीचं रान माजलं होतं.

सत्त्याऐंशी साली गावात पुन्हा बोलणं निघालं. निपाणी ते बेळगाव नवी मोठी लाइन व्हायची आहे, सर्व्हेचे खुंट मारलेत, गावोगावची मागणी कळवायची आहे. मारुतीराव सत्तरीला आले होते, हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा. वही घेऊन ते घरोघर फिरले आणि शेवटी देवाप्पाच्या कट्ट्यावर येऊन बसले. त्यांना वस्तीत असं बसायला काही वाटलं नाही, आणि देवाप्पाच्या एका जुन्या दुखण्याला त्यानं बरं वाटलं.

“आता डाव साधायचा रं. एकशेसाठ नावं झाली. गाडी आली तर आमी जाणार म्हणून सह्या. तुझ्या घरातली किती लिवू?”

देवाप्पानं घराकडे बघितलं. सोनुबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. मनू टिळकवाडीत बालवाडीची मास्तरीण होती, तिथंच संसार थाटून होती, महिन्यातून एकदा बसनं यायची.

“कुणी न्हाय, अण्णा.”

“आरं, मनूचं लिवतो. तुजं लिवतो.”

“मनू हितं ऱ्हात न्हाय. आन् लाइन याया धा-पंधरा सालं जात्यात. मी कुठला बसतोय.”

“नाव लिवाया काय जातंय?” मारुतीराव काकुळतीला आले. “आकडा दिसाया पायजे की रं.”

“न्हाय,” देवाप्पा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण पंधरा वर्षांत मारुतीरावांशी तो असं बोलला नव्हता. “जो चडणार, त्येचंच लिवा. बाकीच्यास्नी त्येंच्यात रकाना नसतोय.”

 चष्मा पुसून मारुतीरावांनी वहीचं पहिलं पान उघडलं. यादीत सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं नाव होतं, त्याखाली अक्काताईचं, तिचे गुडघे गेले होते. त्याखाली पुण्यात नोकरीला असलेल्या दोन्ही मुलांची नावं होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पहिल्या नावावर रेघ मारली. मग दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला, आणि देवाप्पानं पुढं होऊन हळूच वही मिटली.